चहा दाराशी अडला

दुपारी चार वाजता वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यात दोन रोबो समोरासमोर आले आणि थांबले. डावीकडून आलेल्याच्या डोक्यावर चहाचा कप होता, उजवीकडून आलेल्याच्या डोक्यावर बिस्किटांची बशी. मधोमध ग्रंथपालबाईंच्या खोलीचं दार.

अट बाईंचीच होती. मुलांच्या रोबो-वर्गाला मागची खोली वर्षभर द्यायची की नाही, हे आज ठरणार होतं. "माणसाचा हात न लागता चहा-बिस्किटं माझ्या टेबलापाशी आली, तर खोली तुमची. नाहीतर तिथे जुनी मासिकं ठेवते." वर्ग घेणाऱ्या सरांकडे दुसरी जागा नव्हती.

चहाचा रोबो सातवीतल्या मुलीचा, बिस्किटांचा तिच्या धाकट्या भावाचा. आडवं काही आलं तर थांबायचं, जरा मागे सरकायचं, मग पुन्हा पुढे, असं सरांनी शिकवलं होतं. दोन्ही रोबो इमानेइतबारे तेच करत होते. एकदम थांबत, एकदम मागे जात, एकदम पुढे येत.

"तुमचे प्रोग्रॅम इतके सारखे कसे?" सरांनी विचारलं.

"यानं माझा उतरवला!"

"उतरवला नाही, तपासला," भाऊ म्हणाला. "चूक सापडली नाही, म्हणून तसाच ठेवला."

"अरे, कोणीतरी मागे सरका रे," सर रोबोंनाच म्हणाले.

"सर, तेच तर दोघं करताहेत."

आतून बाईंचा आवाज आला, "चहा येतोय की पानं तोडायला गेलात?"

सरांनी गयावया केल्यावर बाईंनी एक सवलत दिली : एकाच रोबोचा प्रोग्रॅम बदला, तोही लांबून. सरांनी लॅपटॉप उघडला. कोणी वाट द्यायची, एवढंच ठरायचं होतं.

"मी मोठी. माझा आधी."

"मोठ्यांनी समजून घ्यायचं असतं. आईच म्हणते."

"तू भोकाड पसरतोस म्हणून म्हणते."

"चहा आधी गेला तर बिस्किटं येईपर्यंत गार होईल!"

"आणि बिस्किटं आधी गेली तर बाई ती बुडवणार कशात? तुझ्या डोक्यात?"

सरांनी नाणं काढलं. छापा कोणाचा यावरून पुन्हा जुंपली.

चहाची तलफ शेवटी बाईंना आवरेना. "चहा टेबलापाशी यायला हवा, असं म्हणाले होते मी. टेबल कुठे असावं, ते कुठे बोलले?" त्यांनी शिपाईमामांना हाक मारली. "मामा, ढकला."

"बाई, कमरेत उसण भरली तर?"

"चहा घ्या, उतरेल."

साडेचारच्या सुमारास टेबलाचा कोपरा दाराबाहेर आला. आडवं काहीतरी आलंय हे दोन्ही रोबोंनी ओळखलं. ते थांबले आणि मागे सरकले. बाईंनी मामांकरवी टेबल आणखी पुढे रेटलं. रोबो आणखी मागे गेले.

हे लिहीपर्यंत टेबल निम्मं व्हरांड्यात आलं आहे, चहावर साय धरली आहे आणि भावंडांचं एकमत झालेलं नाही. खोलीबद्दल विचारलं असता बाई म्हणाल्या, "आधी चहा."