वरच्या वाडीतला बारीक डास

दर बुधवारी सकाळी महाडचा एक पगारी माणूस बयाबाईच्या गोठ्यातले डास धरायला येई. सन चौतीस-पस्तीसची गोष्ट. हिवतापाच्या पाहणीवर नेमलेला हा महिपती मंगळवारी पोलादपूरला मुक्काम करी आणि उजाडता उजाडता डोंगर चढून वरच्या वाडीत पोचे. वाडीतली निम्म्याहून अधिक घरं कड्या घातलेली. माणसं दासगावच्या बंदरातून बोटीने मुंबईला गेलेली, ती शिमग्याला उगवायची. बयाबाईचा मुलगा सदूही तिकडेच, गिरणीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती, गोठ्यात एक गाय आणि तिची कालवड. ओढ्यापलीकडे हैबतीचं घर. त्याच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे.

महिपती बॅटरी पेटवून गोठ्याच्या कुडाच्या भिंतीवर फिरवी आणि बसलेल्या डासावर काचेची नळी अलगद ठेवी. बयाबाई दारात उभी राहून बघे.

"आमच्या कुडाला काय सोनं लागलंय, म्हून येवढा चढ चढता?" तिने पहिल्याच खेपेला विचारलं होतं.

"पंख मोजायचे आहेत, काकी."

"डासाचं?"

मग त्याने सगळं सांगितलं होतं. महाडला सावित्रीच्या काठी, खाली पोलादपुरात आणि इथे वर डास एकाच जातीचा. पण अंगाने सारखा नाही. थंड पाण्यात वाढतो तो सावकाश वाढतो आणि अंगाने भरतो. कोमट पाण्यातला घाईने वाढतो, म्हणून बारीक राहतो. कोण किती जगतो, किती लांब उडतो, ताप कुठवर नेतो, हे पाहणीवरच्या साहेबांना शोधायचं होतं.

"म्हंजी आमचा डास खात्यापित्या घरचा," बयाबाई म्हणाली.

"तसंच समजा."

तो हसला. त्या हसण्यावर तिचा पुढचा आठवडा गेला.

पुढे ती बुधवारी पहाटेच अंगण सारवू लागली. त्याच्यासाठी नाचणीची भाकरी आणि भाजलेली सुकट ठेवी. तो नळ्यांना कापसाची बुचं लावत बोलत राही, महाडच्या बाजाराचं, आपल्या मुलीच्या सर्दीचं. ती हूं हूं करी. बाकीचे दिवस ती कालवडीला ते परत सांगे.

पौष लागला. झऱ्याखालची डबकी आटली, वारा अंगाला चावू लागला. एका बुधवारी महिपतीने सगळा कूड शोधला आणि त्याला एकच डास मिळाला.

"पुढच्या खेपेला हेही नाही मिळालं, तर वर यायचं कारण उरत नाही," तो म्हणाला. "दुसरं गाव बघावं लागेल."

त्याने ते सहज सांगितलं. ती मात्र रात्रभर त्याच एका वाक्याशी पडून राहिली.

न्हाणीच्या चुलीमागे, भिंतीला बाहेरून लागून, पाणी साठवायची एक जुनी दगडी डोण होती. बयाबाईने ती घासली आणि झऱ्यावरून हंड्या-हंड्याने पाणी आणून भरली. साचल्या पाण्यात डास वाढतो, हे त्यानेच सांगितलं होतं. गार पाण्यात वाढायला फार दिवस लागतील, म्हणून तिने चुलीतला विस्तव दिवसभर विझू दिला नाही. लाकडाला काही तोटा नव्हता. भिंत तापे आणि डोणीतलं पाणी कोमट राही.

हैबतीने पलीकडून तिच्या खेपा पाहिल्या.

"काय गो बये, येवढं पानी कोनाला? पाव्हनं आलंत काय?"

"यायचं हायत."

त्या बुधवारी ताप आल्याचा निरोप महिपतीने धाडला, तो आलाच नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी आला, तेव्हा कुडावर डास बसलेले होते. त्याने खुशीत नळ्या भरल्या. बयाबाईने त्याला दुसरी भाकरी वाढली.

नंतरच्या खेपेला तो कपाळाला आठ्या घालूनच आला. भिंगाखाली बयाबाईच्या घरचे पंख महाडच्या डासांसारखे आखूड निघाले होते. ऐन थंडीत, डोंगरावर. त्याने गोठा पाहिला, झरा पाहिला, ओढ्याकाठचे दगड उलटून पाहिले. दुपार कलली तरी तो शोधत होता. बयाबाई त्याच्या मागे मागे फिरत होती आणि इतका वेळ माणूस घरी आहे म्हणून तिला बरं वाटत होतं. तो न्हाणीपर्यंत गेला नाही. बाईमाणसाच्या न्हाणीमागे कोण जाईल?

त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. कोडं सुटत नव्हतं, म्हणून तो येत होता. जोवर सुटत नाही तोवर येणार, हे तिला उमगलं होतं.

मग माघातल्या एका सकाळी तो आला आणि नळ्या न काढताच ओट्यावर बसला. तिने भाकरी पुढे ठेवली. त्याने तुकडा मोडला.

"साहेबांना वाटतंय, मी वर चढतच नाही. पोलादपुरात बसून नळ्या भरतो आणि वरच्या वाडीचं नाव घालतो."

"आन तुमी काय सांगितलंत?"

"काय सांगणार? पंखच तसं सांगतायत. महिनाअखेर माझ्या जागी दुसरा माणूस येईल."

बयाबाई चुलीकडे बघत राहिली. ती काही बोलली नसती, तरी दुसरा माणूस आला असता. त्यालाही भाकरी लागली असती. महिपती भाकरीचा करपलेला पापुद्रा बोटाने बाजूला काढत होता, मान खाली घालून.

"खावा आदी," ती म्हणाली. "मग माझ्यासंगती मागं चला."

न्हाणीमागे येऊन तिने डोणीकडे बोट केलं. महिपतीने वाकून पाहिलं. पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक बारीक काड्यांसारख्या अळ्या आडव्या तरंगत होत्या. त्याने हात बुडवला आणि तो तसाच ठेवला.

"कोमट आहे."

"हां."

"गुरांसाठी भरलंत?"

हो म्हणता आलं असतं.

"गुरं झऱ्यावं जातात," ती म्हणाली.

महिपतीने तिच्याकडे पाहिलं, मग गरम भिंतीकडे, मग कोपऱ्यातल्या हंड्याकडे. तो उकिडवा बसून राहिला. कशासाठी, हे त्याने विचारलं नाही. थोड्या वेळाने त्याने पिशवीतून बाटली काढून पाणी भरून घेतलं.

"काकी, साहेबांनी येऊन इथे हात बुडवला तरी मला चालेल. डोंगर तोच, डास तोच. नुसतं पाणी कोमट झालं आणि अंग लहान झालं. आम्ही तीन ठिकाणी शोधत होतो, ते तुमच्या एका घरात मिळालं."

त्याचं तोंड उजळलं होतं. इतके दिवस तिने ते तसं पाहिलं नव्हतं.

"मंग ठेवू का असंच?"

"नको. ताप भरेल तुम्हाला." तो बाह्या सरसावून उठला.

दोघांनी मिळून डोण उपसली. पाणी परसातून वाहत गेलं. हात पुसताना तो म्हणाला, "वर आधी धरलेल्या डासांचे पंख आता पुरेत. काम संपलं इथलं. पण मी येईन कधीतरी."

"कशाला? चढ मोठा हाय."

त्याने बाटलीचं बूच घट्ट केलं. मग पिशवी खांद्याला लावून तो उतरला. वळणावर त्याने हात केला. तिने पदर सावरला.

ओढ्यापलीकडे हैबती गवताचे भारे रचत होता. त्याने हाक दिली, "आज लौकर गेला काय गो डासवाला?"

"काम झालं त्याचं."

 हैबती पुन्हा गवताकडे वळला.