काळ्या चिखलाचं विरजण

दत्ताशेठ माझ्या अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा मला आनंद झाला, आणि तो मी लपवणार नाही.

वरच्या कातळसड्यावरची खाण त्याची. माल संपला तसा तो खड्डा उघडाच टाकून गेला. त्यात साचलेलं पाणी बारा महिने झिरपत राहिलं, गंजासारखं लाल. सात वर्षं माझ्या खाचरांत भात पिवळं पडून मेलं. नवरा कंटाळून मुंबईला गेला. मी शेठकडे गेले, तर तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "मालनवहिनी, खाणीखालची जमीन ही. सवय होईल."

ते शब्द मी गिळले, पण पचवले नाहीत.

मग कॉलेजातल्या वेदिका मॅडमनी उपाय शिकवला. पाण्याच्या वाटेवर दोन खोल खड्डे खणून त्यांत शेण, पेंढा आणि कोळणींकडून आणलेल्या शिंपल्या भरल्या. शिंपल्या पाण्याचा आंबटपणा मारतात. तळच्या काळ्या चिखलात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, ते पाण्यातलं लोखंड खाली बसवतात. "कुजक्या अंड्यांचा वास आला की समजा, ते कामाला लागले," मॅडम म्हणाल्या. वास आला. दुसऱ्या वर्षी भात आलं. खालच्या ओढ्यात, आमच्या पऱ्यात, खेकडे परतले.

आणि तो स्वच्छ पऱ्या सगळ्यांत आधी दिसला कोणाला? शेठला! काठावर त्याने होमस्टे बांधला, पाटीवर 'निर्मळ ओढ्याकाठी' असं लिहिलं. मग पाहुण्यांना वास येतो म्हणून, मी माहेरी गेलेली बघून, जेसीबी लावून माझे दोन्ही खड्डे उपसले. चिखल उन्हात पसरला. त्या जिवांना हवा सोसत नाही, ते मेले.

मी आल्यावर ढसाढसा रडले. मग तळाशी उरलेला ओला चिखल खरवडून पिंपात भरला, वर पाणी ओतलं, झाकण घट्ट लावलं. रिकाम्या खड्ड्यांतून येणारं खाणीचं पाणी खाचरांना वळसा घालून सरळ पऱ्यात सोडलं. माझं भात कधीच कापून झालं होतं, मला जूनपर्यंत घाई नव्हती. शेठचा मात्र मे महिना तोंडावर आला होता.

पंधरा दिवसांत होमस्टेची विहीर तांबडी झाली. धुतलेल्या चादरी तांबड्या निघाल्या. पाहुणे बॅगा उचलून गेले.

"तुझे खड्डे परत भरून घेतले गं," अंगणात उभा राहून शेठ म्हणाला. "शेण, शिंपल्या, सगळं टाकलं. तरी पाणी लालच."

"विरजण नाय लावलंत," मी म्हटलं. "नुसत्या दुधाचं दही लागतंय काय?"

त्याची नजर पिंपाकडे गेली. "त्यात आहे ना? दे थोडं."

तुळशीपुढे मी नुकताच दिवा लावला होता.

"दिवेलागणीला विरजण देत नायत, शेठ. उद्या सकाळी या. नि गडी आणू नका. पिंप तुमीच उचलायचं."

आला. पांढरा सदरा घालून आला. चढावर पिंप हिंदकळलं, झाकण सुटलं आणि सदरा काळा झाला. गुडघाभर शेणात उतरून तो हातांनी चिखल पसरवत होता आणि मी बांधावर बसून बघत होते. दया आली नाही.

"पाणी कधी निवळेल?"

"जून उजाडंल."

त्याने नाकाला रुमाल लावला. "आणि हा वास? तो कधी जाणार?"

"खाणीखालची जमीन ही, शेठ," मी म्हटलं. "सवय व्हईल."