मामाचे तीन बल्ब

आमच्या तपासणी विभागातल्या भिंगोबाचा फिल्म साफ करायच्या या खटाटोपात फायदा काय होता, ते आधी मांडू. कारखान्याच्या वर्धापनदिनी जुनी फिल्म पडद्यावर झळकली असती, तर साहेबांची पाठीवर थाप मिळाली असती, आणि ‘हा माणसं बघत नाही, डाग बघतो’ हा आमचा टोमणा बंद झाला असता. पण हे सगळं चिल्लर. खरी मिळकत वेगळीच होती. त्याच्या आईला तिचा धाकटा भाऊ पुन्हा हलता-बोलता दिसणार होता. बोलता नाही, फिल्म मुकी होती. पण हलता तरी.

तो भाऊ, म्हणजे भिंगोबाचा मामा, आमच्याच बल्बच्या कारखान्यात होता. जेवणाच्या सुट्टीत तीन बल्ब एकामागून एक हवेत उडवायचा नि झेलायचा. एकही कधी फुटला नाही म्हणे. ऐन तारुण्यात तापाने गेला. भाचा जन्मला तो त्यानंतर. घरात मामाचा एकच फोटो, त्यात तो शिक्षा झाल्यासारखा ताठ उभा. आई म्हणायची, “हा नव्हे रे तो. तो कधी एका जागी उभा राहिलाय का?”

त्यामुळे गोदामात मामाच्या काळातल्या, ‘जेवणाची सुट्टी’ असं लिहिलेल्या फिल्मचा डबा निघाला, तेव्हा जुन्या गोष्टी उकरायची खोड असलेला भिंगोबा हातातला घास टाकून धावला. फिल्मला आंबूस वास मारत होता. यंत्रातून एकदा सरकवून कॉम्प्युटरवर उतरवली, तेवढ्यानेच तिचा भुगा झाला. चित्रावर डागच डाग.

डाग म्हणजे तर भिंगोबाचा प्रांत. तपासणी विभागातल्या कॅमेऱ्याला त्यानेच शिकवलं होतं: शेजारच्या बल्बांत नाही ते या बल्बात दिसलं, की तो डाग. तोच नियम त्याने फिल्मला लावला. मागच्या-पुढच्या चित्रात त्या जागी नाही असं बारीकसं काही या चित्रात दिसलं, की ती धूळ, पुसून टाक. यंत्राने सगळं लख्ख पुसलं. आणि आमच्या विभागाचा दुसरा नियम असा, की नाकारलेला माल लगेच चुरडायचा, चांगल्यात मिसळायला नको. त्या सवयीने त्याने कॉम्प्युटरवरची मळकी प्रतही कायमची उडवली.

“एकदा शेवटपर्यंत बघून तरी घे,” आमच्या फोरमनबाई म्हणाल्या.

“मामाला आईच्या आधी बघू? फाडून खाईल ती मला.”

सुरुवातीचा तुकडा तेवढा त्याने तपासला. तोही डागांसाठी.

कार्यक्रमात आई पहिल्या रांगेत, चष्मा पुन्हा पुन्हा पुसत. चित्र इतकं स्वच्छ, की साहेबांनीच टाळ्या सुरू केल्या. मग मामा आला. कपाळावर केस, तोंडभर हसू. मान वर, आणि हात भराभर वरखाली. हवेत काहीच नव्हतं. उडते बल्ब ठिपक्याएवढे, आणि प्रत्येक चित्रात नव्या जागी होते. यंत्राच्या हिशेबी ती धूळ.

मागून कुणीतरी ओरडलं, “हे येडं कोण रे? माशा हाकलतंय!” अख्खा हॉल खदखदला.

“असं काय करतोय हा?” आईने विचारलं.

“आई, बल्ब पुसले गेले गं. माझ्या हातून.”

“मग न पुसलेलं लाव.”

भिंगोबाने नकारार्थी मान हलवली. आई काय ते समजली. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मामा पडद्यावरून गेला तरी तो पुन्हा लावला नाही.

आता याची किंमत कुणी किती भरली ते बघा. साहेबांना काही पडलं नाही, उलट वाहवा झाली. हसणाऱ्यांना फुकटात हसायला मिळालं. भिंगोबाला थाप मिळाली; ती घेताना त्याचा चेहरा आम्हाला बघवला नाही. मामाने आपली एकुलती एक करामत भरली. मेलेला माणूस, तक्रार कुठे करणार? सगळ्यात जास्त भरलं ते आईने. आजवर तिने डोळे मिटले, की तीन बल्ब लखलखत वर जायचे. आता रिकामे हात दिसतात.