बुधाला डायलॉग नाही

आठ ग्रहांतला नेमका बुध आपल्या लेकीच्या, रिद्धीच्या वाट्याला यावा, याने सुरुचीचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. बेलवलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन, पाचवीचं नाटुकलं. एकेका ग्रहाने पुढे यायचं आणि आपल्याकडे कसली हवा आहे ते सांगायचं. शुक्राकडे कार्बन डायऑक्साइड, वर ॲसिडचे ढग. गुरू-शनीकडे हायड्रोजन आणि हेलियम. मंगळाची हवा विरळ, तरी त्याला चांगल्या चार ओळी. आणि बुधाला काय? तर त्याला वातावरण जवळपास नाहीच. हवा नाही म्हणून आवाज नाही, आवाज नाही म्हणून डायलॉग नाही. करड्या कपड्यांत सूर्याभोवती फेऱ्या मारायच्या आणि गुपचूप घरी यायचं.

रिद्धी बोलताना अडखळते, हे अख्ख्या भावकीला ठाऊक. म्हणून तर सुरुचीने यंदा सगळ्यांना आमंत्रणं देऊन ठेवली होती. पोरगी स्टेजवर घडाघडा बोलेल आणि एकेकाची तोंडं बंद होतील, असा तिचा बेत. आता कसली डोंबलाची बंद होतायत.

"पोरगी बोलाचीच नाय, त मंग आमी बगाला कशाला येवाचा?" सासूबाईंनी, म्हणजे बनूबाईंनी विचारलं. त्यांचंही चुकत नव्हतं, म्हणून सुरुचीला जास्तच राग आला.

तिचा नवरा महेंद्र अंबरनाथ एमआयडीसीतून पाळी संपवून नुकताच आला होता. "शुक्रावर सल्फ्युरिक ॲसिडचे ढग?" जेवता जेवता तो म्हणाला. "मग आमची कंपनी तिकडेच टाकायला पाहिजे. ॲसिडच्या टँकरचा खर्च तरी वाचेल."

"तुला मस्करी सुचतेय. इथे माझं डोकं उठलंय."

महेंद्रने आणखी भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी रिद्धीला हाताला धरून ती थेट शाळेत. नाटक बसवणाऱ्या जिज्ञासा मॅडम स्टाफरूममध्ये पुठ्ठ्याची शनीची कडी कापत होत्या.

"मॅडम, माझ्या मुलीला मुद्दाम मुका ग्रह दिलात ना? तिला नेपच्यून द्या. मिथेनमुळे निळा दिसतो, बाकी हायड्रोजन-हेलियम, सगळं मी पाठ करून घेते. ड्रेसही शिवते."

"ताई, मी तिला पृथ्वी देत होते," मॅडम म्हणाल्या. "नायट्रोजन, ऑक्सिजन, सगळ्यात मोठा डायलॉग. तिनेच बुध मागून घेतला."

सुरुची गर्रकन वळली. "काय गं? खरं आहे हे?"

"मला... मला बु..."

"बुध आवडतो? त्यात काय आवडण्यासारखं? घाबरलीस ना?"

"नाय, मी बो... बो..."

"बोलताना अडखळशील म्हणून? अगं, मग मी कशाला आहे? रोज प्रॅक्टिस..."

"ताई, जरा तिला बोलू द्या," मॅडम म्हणाल्या.

सुरुची गप्प बसली. गप्प बसणं ही काय शिक्षा असते ते तिला तेव्हा कळलं. रिद्धी 'ब'वर अडकली, सुटली, परत अडकली. पुढचा शब्द सुरुचीच्या जिभेवर अगदी तयार होता. तिने दात आवळून धरले.

"बुधावर को... कोणाचाच आवाज जात नाही ना," रिद्धी म्हणाली. "मग मी अडकले, तरी मा... माझं वाक्य तिथे को... कोणी पुरं करणार नाही."

मी कुठे करते असं, हे सुरुचीच्या अगदी ओठांवर आलं. पण आत्ताच केलं होतं की, तेही मॅडमच्या देखत. तिला लाज वाटली. रागही आला, पण तो काढायचा कुणावर ते कळेना. इतका वेळ धरून ठेवलेला पोरीचा हात तिने सोडला.

"बरं, आता आईपण ऐकतेय," मॅडमनी रिद्धीला विचारलं. "घेतेस का पृथ्वी?"

रिद्धीने आईकडे पाहिलं. घे गं बाई, घे, असं सुरुचीला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तिने तोंड उघडलं नाही.

"नको," रिद्धी म्हणाली. या शब्दावर ती जराही अडखळली नाही.