पुलाखाली अडलेलं मशीन

ती जीप घेऊन पुढं आणि मागून ट्रेलरवर खोदाईचं पोकलेन मशीन लादून तिचा सख्खा काका, अशी त्यांची वरात एका कामावरून दुसऱ्या कामावर जायची. वाटेतल्या तारा, फांद्या, पूल बघणं हे तिचं काम. त्यासाठी जीपच्या टपावर एक काठी उभी बांधलेली होती, लादलेल्या मशीनपेक्षा वीतभर उंच. काठी अडली, की थांबायचं. पण हे काकाला पटवता पटवता तिचा जीव मेटाकुटीला येई.

त्या दुपारी रेल्वेपुलाखाली काठी खाडकन वाजली आणि वाकली. तिनं जीप थांबवून हात दाखवला.

"आता काय?" काका केबिनमधून ओरडला.

"मशीन बसत नाही, काका. त्याच्या हाताचं कोपर वर राहिलंय. सकाळीच सांगत होते, हात पुरता दुमडून घ्या."

सकाळी मशीन चढवलं होतं ऑपरेटरनं. त्याला सगळे 'वारा' म्हणत. "चालतंय गं," म्हणाला, आणि मशीनची चावी खिशात टाकून मोटरसायकलवर पुढच्या कामावर पसार.

तिनं त्याला फोन लावला. "येतो," म्हणाला. मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ. बसमधली माणसं खिडकीतून डोकावून तिचा उद्धार करत होती. एक स्कूटरवाला जाताजाता म्हणाला, "बाईमाणसाला पुढं घातल्यावर दुसरं काय होणार!"

काकाचा धीर सुटला. "हळूच काढतो. घासलं तर रंग जाईल, दुसरं काय?"

"आणि साखळी तुटून मशीन मागच्या बसवर आलं तर?"

"तू मला शिकवू नकोस. तुला गाडी कुणी शिकवली?"

"तुम्हीच."

असं म्हणून तिनं जीप ट्रेलरच्या नाकासमोर आडवी लावली आणि चावी मुठीत धरून खाली उतरली. काका लालबुंद झाला. भर रस्त्यात तो तिच्या बापाचं नाव काढून बोलला. पण ती जागची हलली नाही.

वारा काही येईना. पुन्हा फोन केला, तर म्हणतो कसा, "अगं, इथं कुणीतरी रस्ता तुंबवलाय, मुंगीला जागा नाही!"

"आम्हीच तुंबवलाय, शहाण्या! गाडी ठेव आणि चालत ये!"

तो घामाघूम होऊन आला, मशीनवर चढला आणि हात पुरता दुमडला. तिनं काकाबरोबर साखळ्या पुन्हा आवळल्या. दोघं एकाच साखळीला लोंबकळत होते. काठी सरळ करून, मशीनच्या नव्या मापानं खाली उतरवून तिनं जीप पुलाखालून काढली. मागून ट्रेलरही निघाला. मशीन आणि पुलाचा दगड यांत जेमतेम हातभर अंतर होतं.

साइटवर पोचले, तर फाटक बंद. फाटकाच्या आतच काँक्रीट ओतणं चालू होतं. इंजिनिअर हात झटकत म्हणाला, "वेळेत आला असतात तर घेतलं असतं आत. आता मागच्या फाटकानं या."

मागचं फाटक म्हणजे बाजारातून वळसा. तिला रडू फुटायचंच बाकी होतं. तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मागून काकाचा आवाज आला, अजून धुमसतच होता. "बसलीस काय? बाजारात तारा खाली लोंबतात. हो पुढं!"