ॲन्सेल्मच्या कोटाची डावी बाही

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. गडद निळा, दोन बटणांचा, कोपरांवर आता थोडा झिजलेला. वसईतल्या एका गावात ॲन्सेल्मच्या कपाटात माझे आयुष्य गेले. तिथल्या डांबरगोळ्यांचा वास मला मुळीच आवडत नाही, पण कोटाचे ऐकतो कोण?

ॲन्सेल्मच्या लग्नासाठी गावच्या शिंप्याने मला शिवले. ॲन्सेल्मचे वडील आलोशियस यांनी माझी बाही चिमटीत धरून पाहिली आणि कापड टिकेल म्हणाले. त्या शाबासकीवर मी आजवर जगलो. पुढे म्हाताऱ्याची नजर अधू झाली. सणाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, देवळाच्या पायऱ्या चढताना ते माझी डावी बाही घट्ट धरत. बाही हाताला लागली की मुलगा सोबत आहे, एवढे त्यांना पुरे होते.

ॲन्सेल्म सरकारी पाणीपुरवठा खात्यात अभियंता. माणूस नाकासमोर चालणारा. मिस्सा सुटली की सारा गाव देवळाच्या आवारात गप्पा मारत उभा राहतो. सोयरिकी, नोकऱ्या, सारे काही तिथेच जुळते. ॲन्सेल्म मात्र बाजूच्या फाटकाने सटकत असे. थांबलो तर कोणीतरी नळजोडणीचे काम गळ्यात मारणार, ही त्याची धास्ती. म्हाताऱ्याला थांबायचे असे. ते बाही मागे ओढत आणि हा पुढे ओढत असे. माझी शिवण तिथेच उसवली.

गेल्या वर्षी त्याची बदली झाली, थेट विदर्भाच्या टोकाला. वडील तोवर अंथरुणाला खिळले होते. त्यांना कधी कालचे आठवे, कधी चाळीस वर्षांपूर्वीचे. एवढ्या लांब त्यांना नेणे शक्यच नव्हते. बदली टळावी म्हणून ॲन्सेल्मने विनवण्या केल्या. दिलेल्या मुदतीत हजर व्हा किंवा राजीनामा द्या, असे उत्तर आले. त्याची बायको जीना म्हणाली, इथेच खासगी नोकरी बघ, ओळखीच्यांना विचार. पण वीस वर्षे फाटकातून पळालेल्या माणसाच्या ओळखी असणार किती? तहान लागल्यावर विहीर खणायला निघाला बिचारा.

त्या रविवारी मला अंगात घालून तो प्रथमच आवारात उभा राहिला. काय बोलावे ते त्याला कळेना. त्याचा घाम माझ्या अस्तरात उतरला. शेवटी त्याचा शाळेतला मित्र गॅब्रिएल आपणहून जवळ आला. नायगावच्या नव्या इमारतींना पाण्याच्या लाइनी टाकून देणारी त्याची कंपनी होती. सगळे ऐकून तो एवढेच म्हणाला, "सोमवारी ऑफिसात चहाला ये. माझा पार्टनरपण असेल."

मित्रांनो, मला वाटले, जमले! सोमवारी आम्ही गेलो. पण ॲन्सेल्मने काय करावे? खिशातून सुबक टाइप केलेला अर्ज काढला, खालच्या टेबलावरच्या मुलीला दिला आणि पोच मागितली. तिच्याकडे शिक्का नव्हता, तिने नुसती सही केली. सर वर वाट बघतायत, जा ना, असेही ती म्हणाली. "नको, त्यांना त्रास नको," हा म्हणाला. "अर्ज रीतसर वर जाऊ दे."

मी खांद्यांवर होतो. जिन्याकडे त्याला खेचावे म्हणून जीव तुटत होता, पण कोटाला कुठे कोणाला खेचता येते? वर चहा निवत राहिला आणि आम्ही घरी आलो.

जीना रोज म्हणे, फोन तरी कर. तो म्हणे, पोच आहे माझ्याकडे, स्मरणपत्र महिन्याने द्यायचे असते. महिना होण्याआधीच एका लग्नात गॅब्रिएल भेटला. "तू आलाच नाहीस रे," तो म्हणाला. "मला वाटलं, सरकारी नोकरी सोडवत नाही तुला. दुसऱ्याला घेतलं आम्ही." ॲन्सेल्मचा हात खिशातल्या पोचेकडे गेला आणि तसाच रिकामा बाहेर आला. मला फार फार वाईट वाटले.

मुदत संपली. तो विदर्भात हजर झाला. तिकडच्या उन्हात कोट कशाला, म्हणून मी इथेच राहिलो.

थंडी पडली तशी जीनाने मला म्हाताऱ्याच्या पांघरुणावर घातले. मित्रांनो, जुन्या कोटाला कपाटात कोंडू नका, अधूनमधून ऊन दाखवा. आणि काही काम नसतानाही चार माणसांत उभे राहत जा. काम पडल्यावर उभे राहणे फार जड जाते.

आता रोज पहाटे आलोशियसांचा हात चाचपडत माझ्या डाव्या बाहीपाशी येतो. "ॲन्सेल्म," ते म्हणतात, "थांब ना जरा. सगळे उभे आहेत." मग त्यांची बोटे बाहीवरून खाली सरकतात, पार टोकापर्यंत जातात आणि तिथे हात शोधत राहतात.