उलटं बसवलेलं गॅस्केट

आधीच सांगून टाकतो, मी मेकॅनिक नाही. दिवसा छापखान्यात मशीनवर उभा असतो. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका गंजलेल्या इंजिनाशी झटापट करतो. जे काही येतं ते व्हिडिओ बघून, एक फाटकं मॅन्युअल वाचून आणि स्वतःची बोटं सोलून घेऊन आलंय. त्यामुळे कुणी म्हणालं की तुला काय कळतंय त्यातलं, तर मी ऐकून घेतो. पण परवा मला जे दिसलं ते कळायला मेकॅनिक असावं लागत नाही. डोळे असले तरी पुरे.

गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. गोल दिवे, चार सिलिंडर, आणि दार लावायचं तर आधी थोडं उचलून मग ढकलायचं. कागदावर बाबांची, पण चालवायची आई. बाबा शेजारी बसायचे ते दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून.

अकरा वर्षांपूर्वी आई ही गाडी घेऊन आत्यासोबत एका लग्नाला निघाली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्या घरचं सुप्रीम कोर्ट. अर्ध्या वाटेत बॉनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन जाम झालं. बाबा त्यांच्या मित्राला घेऊन तिथे पोचले. या मित्राचं गॅरेज आहे आणि सगळं गाव त्याला उस्ताद म्हणतं. त्याने तीनच आठवड्यांपूर्वी या इंजिनाचं हेड खोलून नवीन गॅस्केट टाकलं होतं. गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला पातळ पत्रा. त्यातल्या भोकांतून पाणी वर-खाली फिरतं आणि इंजिन थंड राहतं. उस्तादने रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं. कोरडं. म्हणाला, वहिनी पाणी न बघताच निघाल्या वाटतं.

झालं. निकाल लागला.

अरे, पण वाफ होऊन गेलेलं पाणी रेडिएटरमध्ये दिसणार कसं? पातेलं चुलीवर उकळून उकळून कोरडं पडलं, तर त्यात पाणी घातलंच नव्हतं असं म्हणाल का? तेव्हा कुणी म्हणालं नाही. मीही नाही, मी तेरा वर्षांचा होतो.

तेव्हापासून घरात एकच विनोद. आईने चहा टाकला की बाबा विचारायचे, पाणी घातलंयस ना. कुंडीतलं रोप सुकलं की आत्या म्हणायची, हिच्या हाताखाली गाडी वाचली नाही, झाड काय वाचणार. पाहुणे आले की गोष्ट पहिल्यापासून, वाफेसकट, हातवारे करून. उस्ताद दर रविवारी चहाला यायचा आणि तोही हसायचा. आईसुद्धा हसायची. खोटं कशाला बोलू, मीही तिला हा टोमणा मारलाय, आणि एकदा नाही, बऱ्याचदा. आईने स्टिअरिंगला परत हात लावला नाही. लायसन्सची मुदत संपली ते तिने कुणाला सांगितलंही नाही. ती बसने जायला लागली आणि गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गंजायला लागली.

यंदा आत्याने फर्मान काढलं, भंगारवाल्याला बोलवा, शेड मोकळी करा. मी म्हटलं, आधी मला खोलून बघू दे. सगळे हसले. उस्ताद म्हणाला, बघ बाबा, खेळणं आहे ते आता.

तर खेळणं खोललं. आठवडाभर रोज संध्याकाळी नटांवर गंज सोडवायचं तेल मारलं, तेव्हा कुठे ते हलायला लागले. दोन बोल्ट मुंडक्यातच तुटले, एकाला ड्रिल मारून काढावं लागलं. चौथा पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता, जणू त्याचं तिथे लग्न लागलंय. त्याच्यावर डिझेल आणि तेलाचं मिश्रण ओतून ठेवलं. रोज लाकडाच्या ठोकळ्याने हळूच ठोकायचं, रोज काहीच हलायचं नाही. नवव्या दिवशी केसभर हलला. मी शेडमध्ये एकटाच नाचलो.

आता मुद्द्याचं. माझा स्वतःवर विश्वास नाही. म्हणून मी प्रत्येक वस्तू काढण्याआधी तिचा फोटो काढतो, मग काढतो, मग पिशवीत घालून चिठ्ठी लावतो. शिकलेला मेकॅनिक जुन्या गॅस्केटकडे बघतसुद्धा नाही, खरवडतो आणि कचऱ्यात टाकतो. मी ते अख्खं, ओल्या पापडासारखं जपून सोडवलं आणि नवीन आणलं तेव्हा शेजारी ठेवलं. नव्यावर एका कोपऱ्यात ‘टॉप’ असं ठोकलेलं होतं. म्हणजे ती बाजू वर. जुन्यावर शोधलं, सापडेना. उलटं केलं. तिथे होतं. खालच्या बाजूला, ब्लॉककडे तोंड करून.

फोनमधला फोटो उघडून बघितला. हेड उचललं त्या क्षणाचा फोटो. गॅस्केट तसंच बसलेलं, उलटं.

मग मी नवीन गॅस्केट मुद्दाम उलटं ठेवून बघितलं. बोल्टची सगळी भोकं बरोबर जुळतात, त्यामुळे बसवणाऱ्याला काही वाटत नाही. पण मागचं, पाण्याचं मोठं भोक झाकलं जातं. पूर्ण. बोट जात नाही. चौथ्या सिलिंडरच्या शेजारचं. तोच पिस्टन, जो चिकटला होता.

मी डब्यावर बसलो. हात काळे होते, तसेच कपाळाला लावले. अकरा वर्षं, यार.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, गॅस्केट वर्तमानपत्रात गुंडाळून उस्तादच्या गॅरेजवर गेलो. तो एका गाडीखाली झोपला होता, नुसते पाय दिसत होते. मी पायांना सांगितलं. पाय हलायचे थांबले. मग तो बाहेर आला, गॅस्केट हातात घेतलं, ‘टॉप’वरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, तू काढताना उलटलं असशील. मी फोटो दाखवला. तर म्हणे फोटोत काय, कुठूनही कसंही दिसतं. मग म्हणे व्हिडिओ बघून इंजिन खोलणारी पोरं आता आम्हाला शिकवणार. दोन गिऱ्हाईकं हसली. मी फोटो मोठा केला, अंगठा त्या झाकलेल्या भोकावर धरला आणि तसाच उभा राहिलो. उस्ताद हळूच म्हणाला, “एवढ्या वर्षांनी उकरून काय मिळणार आहे तुला?”

बाबांना सांगितलं तर त्यांनीही हेच विचारलं. जवळजवळ याच शब्दांत. मला काय मिळणार. म्हणजे मी काहीतरी मागायला आलोय. बाबा म्हणाले, तो माझा मित्र आहे, घरी येतो, त्याला कशाला खाली बघायला लावायचं. मी म्हटलं, आणि आईला लावलं त्याचं काय. ते म्हणाले, तो तर गमतीचा विषय होता. गंमत. बरं.

आईला सांगायला सगळ्यात भीती वाटली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला शेडमध्ये नेलं, गॅस्केट ब्लॉकवर तसंच ठेवलं, जसं होतं तसं, आणि पाण्याचं भोक दाखवलं. तिने झाकलेल्या भोकावर बोट टेकवलं. मग स्वतःच गॅस्केट उचलून सरळ केलं आणि पुन्हा बोट घातलं. या वेळी बोट आत गेलं. तिने हे तीन वेळा केलं.

“मी पाणी घातलं होतं,” ती म्हणाली. “निळ्या जगमधून, काठोकाठ. मला स्पष्ट आठवत होतं. पण सगळेच म्हणायला लागले, तेव्हा मलाच वाटायला लागलं की नसेल घातलं. गेली कित्येक वर्षं मला ते आठवतच नव्हतं.”

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिने विचारलं, उस्ताद रविवारी येणार आहे ना. मी म्हटलं, मला नाही वाटत आता येईल. ती म्हणाली, येईल, मी फोन करते.

आला. आईच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, पण आला. आत्याही होती, बाबाही. आईने चहा दिला आणि गॅस्केट ट्रेमध्येच ठेवलं, बिस्किटांच्या शेजारी. उस्तादने ते बघितलं, कप खाली ठेवला आणि म्हणाला, वहिनी, होते माणसाकडून चूक.

“चूक झाली त्याचं काही नाही,” आई म्हणाली. “गाडी बंद पडल्यावर तुम्ही परत उघडून बघितलं नाहीत, त्याचंही ठीक. पण ज्या दिवशी नक्की माहीत नव्हतं त्या दिवशी नक्की माहीत असल्यासारखं बोललात. आणि मग अकरा वर्षं इथे बसून चहा प्यायलात.”

उस्ताद मान खाली घालून म्हणाला, माझंच चुकलं. गॅस्केट मीच बसवलं, उलटं. बाबांकडे बघून म्हणाला, तुझ्या बायकोची काही चूक नव्हती. मी सगळ्यांचे चेहरे बघत होतो, आणि खरं सांगतो, मला वाटलं आता संपलं.

तर आत्या म्हणाली, “ते सगळं ठीक आहे गं, पण तू काटा तरी बघायला हवा होतास. इंजिन तापलं की काटा चढतो, एवढं मलाही कळतं.”

माझं डोकंच फिरलं. बोलायला तोंड उघडलं, तर आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“काटा बघितला होता ताई. लाल रेषेला लागला त्या क्षणी मी गाडी बाजूला घेतली. तुम्ही म्हणत होता, इथे ऊन आहे, पुढे झाडं दिसतायत, तिथपर्यंत घे. मी घेतली नाही. तुम्ही त्यावरून माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नव्हता.”

बाबा म्हणाले, हे मला कधी सांगितलं नाहीस.

“त्याच दिवशी सांगितलं. रस्त्यावरच. तुम्ही रेडिएटरमध्ये बघत होता.”

उस्ताद उठला आणि कुणाला न विचारता मागच्या दाराने शेडमध्ये गेला. आम्ही सगळे मागोमाग. त्याने टॉर्च घेऊन चारही सिलिंडर बघितले, चौथ्यात बराच वेळ. बोट फिरवलं, नखाने खरवडलं. ब्लॉकच्या कडेने भेग शोधली. सापडली नाही, मी आधीच शोधली होती.

“झाडापर्यंत नेली असती ना,” तो म्हणाला, “तर याला आज जोडायला काही उरलंच नसतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, हेड वाकलंय, ते मी घासून सपाट करून देतो.

मी काही बोलायच्या आधी आई म्हणाली, नको, आम्ही दुसरीकडून करून घेऊ.

आत्या दारात उभी होती, पदराने वारा घेत. थोड्या वेळाने म्हणाली, “ऊन पण किती होतं त्या दिवशी.”

“होतं,” आई म्हणाली.